पुलावर किती फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही फोन लावा, "जेवलास का" च्या आधी "पुलावर किती झालंय?" येतंच. पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन, 1929 चा, आणि किती म्हणजे फूट. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. पण त्याच्यापुढं प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो, जो कुठल्याच नकाशात नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडकडची माणसं चाळीसच्या आसपासच गाद्या बांधायला घेतात, आमच्या गावभागात तेव्हा लोक निवांत चहा पीत असतात. आमचा आकडा साडेएक्कावन्न. म्हणजे आयर्विनवर साडेएक्कावन्न फूट झालं की कृष्णा आमच्या उंबऱ्याला टेकते. हे आजोबांनी 2005 च्या पुरात बघून ठेवलेलं, नंतर 2019 ला आणि 2021 ला तसंच झालं.

आणि आमच्या समोरच्या मावशींचा आकडा चोपन्न! रस्ता तोच, गल्ली तीच, दारं एकमेकांसमोर. फरक एवढाच की त्यांचा जुना वाडा आहे, दगडी जोतं, दाराला पाच पायऱ्या, आणि आमचं घर नंतर बांधलेलं, एक पायरी की लगेच हॉल. 2021 च्या जुलैमध्ये पुलावर 55 च्या आसपास पाणी गेलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये मांडीच्या वर पाणी होतं, फ्रिज आडवा तरंगत होता, आणि मावशींकडं जेमतेम एक फूट. त्यांनी फ्रिज स्टुलावर चढवलेला, तो वाचला. पूररेषेच्या नकाशावर मात्र दोन्ही घरं एकाच रंगात. हे मला तेव्हा फार लागलं. नकाशा जमिनीचं सांगतो, आणि नुकसान ठरतं उंबऱ्यावर.

मी तेव्हा पुण्यात जिओइन्फॉर्मेटिक्सचं एम.टेक. करत होते आणि प्रोजेक्टचा विषय ठरायचा होता. सरांना हे फोनवरच सांगितलं, चिखल काढता काढता. ते म्हणाले, अमेरिकेत यासाठी पूरभागातल्या इमारतींचं एलिव्हेशन सर्टिफिकेट असतं, सर्व्हेअर येऊन तळमजल्याच्या फरशीची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून देतो, पुराच्या विम्यासाठी ते वापरतात, पण एकेक घर मोजायचं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून तिकडं लोक रस्त्यावरच्या फोटोंमधनं आणि लायडारमधनं दाराची उंची काढायचा प्रयत्न करतात. तू सांगलीत करून बघ. एवढंच बोलले आणि ते डोक्यात बसलं.

आता लायडार म्हणजे विमानातनं लेसर मारून केलेला उंचीचा नकाशा, तो आपल्याकडं असा कुणालाही डाउनलोड करायला मिळत नाही. जे फुकट मिळतं ते मी आधी सगळं उतरवून बघितलं. एसआरटीएम, म्हणजे 2000 साली एन्डेव्हर या स्पेस शटलनं अकरा दिवसांत रडारनं मोजलेली जगातल्या बहुतेक जमिनीची उंची, तिचा एकेक चौकोन 30 मीटरचा. आमच्या गल्लीत 30 मीटरच्या चौकोनात समोरासमोरची सात-आठ घरं बसतात. वर त्यातली उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असते, म्हणजे 548 नाहीतर 549, मधलं काही नाही, आणि आमचा सगळा प्रश्न मधलाच आहे, अडीच फुटांचा. शिवाय रडारला झाड, पत्रा, स्लॅब सगळं जमीनच वाटतं. इस्रोच्या भुवन साइटवरचं कार्टोसॅट उपग्रहाचं मॉडेल घेतलं, मग युरोपच्या कोपर्निकसचं घेतलं, ते जास्त चांगलं वाटलं, नदीचा काठ आणि जुन्या गावाचा उंचवटा ओळखू येत होता. पण उंबरा? नाही. उपग्रहाकडनं हे होणार नाही एवढं कळायला दोन महिने गेले, पण ते स्वतः करून कळलं याचं मला वाईट वाटत नाही.

मग ठरलं दोन तुकड्यांत करायचं. रस्त्याची उंची ड्रोननं काढायची, आणि रस्त्यापासनं उंबरा किती वर आहे ते रस्त्यावरनं काढलेल्या 360 अंशी फोटोंमधनं. दोन्हीची बेरीज म्हणजे उंबऱ्याची उंची. माझ्याबरोबर एक वर्गमित्र होता, ड्रोनचा सगळा भार त्याच्यावर. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर झोन बघितला, पोलीस स्टेशनला अर्ज दिला, नगरसेवकांना भेटलो, आणि गल्लीतल्या लोकांना दोन दिवस आधी घरोघर जाऊन सांगितलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. डोक्यावर काहीतरी घोंघावायला लागलं आणि आंघोळीचं न्हाणीघर वरनं उघडं असलं तर बायकांनी काय करायचं? म्हणून सकाळी साडेसहाला उडवणार, अर्धा तास, इतक्या वाजता संपणार असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

ड्रोन उडवायच्या आधी जमिनीवर खुणा कराव्या लागतात. दोन फूट बाय दोन फूट काळा-पांढरा चौकोन रस्त्यावर रंगवायचा, त्याच्या मध्यावर जीपीएसची काठी उभी करून त्याची जागा आणि उंची सेंटिमीटरपर्यंत मोजायची. आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कची, म्हणजे कायम एका जागी बसवलेल्या जीपीएस स्टेशनांची, करेक्शन्स घेऊन आरटीकेनं, म्हणजे जीपीएसची चूक तिथल्या तिथं काढून टाकणाऱ्या पद्धतीनं मोजलं, मोकळ्या चौकात एका मिनिटात फिक्स, म्हणजे पक्की जागा मिळायची आणि बोळात अर्धा तास उभं राहिलं तरी नाही, कारण दोन्हीकडं भिंती, आकाश दिसतंच एवढीशी पट्टी. म्हणून खुणा सगळ्या चौकात, देवळासमोर, शाळेच्या मैदानात.

पहिल्या दिवशी मशीनवर उंची आली आणि आम्ही दोघं गप्प. सांगली समुद्रसपाटीपासनं साधारण 550 मीटरवर, आणि मशीन दाखवत होतं त्याच्याहून साठ मीटरपेक्षा जास्त खाली. कॉलेजात शिकलेलं असतं, पण उन्हात उभं राहून बघताना पोटात गोळा येतोच. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती अंड्यापासनं, आणि नकाशे, पाटबंधारे, धरणं सगळं चालतं समुद्रसपाटीवर. भारताच्या दक्षिणेकडं या दोन्हींत जगातला सगळ्यात मोठा फरक पडतो, कारण हिंदी महासागराच्या या बाजूला गुरुत्वाकर्षण कमी आहे आणि समुद्राची पातळीच तिथं खोलगट आहे. त्या फरकाचं मॉडेल मिळतं, ते वजा-बेरीज केलं की काम होतं, पण मॉडेलमध्येही चूक असते आणि आम्हाला चूक नको होती. मग सुचलं की आम्हाला समुद्र हवाय कशाला? गावाला कृष्णा कळते ती पुलाच्या फुटांत. म्हणून पुलावर रंगवलेल्या फुटांच्या पट्टीलाच आम्ही लेव्हलनं, म्हणजे सर्व्हेच्या दुर्बिणीनं जोडून घेतलं, एका खुणेवरनं दुसऱ्या खुणेवर, आकड्यांची उभी पट्टी (स्टाफ) धरून, तीन दिवस, जाऊन परत येऊन. परत आल्यावर सुरुवातीचीच उंची मिळाली पाहिजे, आमचा फरक एका सेंटिमीटरच्या आत आला तेव्हा मी त्या मित्राला रस्त्यावरच मिठी मारली. त्यानंतर आमच्या सगळ्या उंच्या पुलाच्या फुटांत. प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला निर्णय तो, असं मला आजही वाटतं.

ड्रोन साठ मीटरवरनं उडवला, फोटो एकमेकांवर ऐंशी टक्के चढतील असे, जमिनीवरचा एक पिक्सेल साधारण दोन सेंटिमीटरचा. ओपनड्रोनमॅप या सॉफ्टवेअरनं रात्रभर लॅपटॉप तापवून मॉडेल बनवलं. काय दिसत होतं! कौलांच्या ओळी, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले पापड, गणपतीच्या देवळाकडचा सगळा भाग. रस्त्याचा उतार पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला, आमची गल्ली नदीकडं न उतरता आधी नाल्याकडं उतरते हे मला इतकी वर्षं तिथं राहून माहीत नव्हतं. पुराचं पाणी पहिलं नदीच्या बाजूनं येत नाही, मागनं नाल्यातनं फुगत येतं, हे आई कायम सांगायची, ते तिथं रंगात दिसलं. पण उंबरा एकही नाही. प्रत्येक दारावर पत्रा, पत्र्यावर पन्हाळ, पन्हाळीवर केबलची जाळी. ड्रोनला छपरं दिसतात, दारं नाही. हे अपेक्षित होतं, पण एवढं शंभर टक्के नाही.

मग 360 कॅमेरा. तो एका पीव्हीसी पाइपवर बांधला, रस्त्यापासनं बरोबर 2.40 मीटरवर, आणि दर तीन पावलांवर फोटो काढत चाललो. या फोटोंची गंमत अशी की उभ्या दिशेनं वरच्या टोकापासनं खालच्या टोकापर्यंत बरोबर 180 अंश असतात आणि पिक्सेल सारखे वाटलेले असतात. आमच्या फोटोची उंची 2880 पिक्सेल, म्हणजे एका अंशाला 16 पिक्सेल. फोटोच्या बरोबर मध्यावर क्षितिज. दाराचा खालचा काठ क्षितिजाच्या 208 पिक्सेल खाली दिसला तर तो 13 अंश खाली आहे, भिंत 8 मीटर अंतरावर असेल तर नववी-दहावीचं टॅन्जंट लावायचं, 8 गुणिले टॅन 13, म्हणजे 1.85 मीटर. कॅमेरा 2.40 वर, त्यातनं 1.85 वजा, उंबरा रस्त्यापासनं 55 सेंटिमीटर वर. एवढंच गणित आहे सगळं. मी हे गल्लीतल्या नववीच्या एका पोरीला फोटो दाखवून समजावलं, तिनं दुसऱ्या दिवशी स्वतः तीन घरं काढून दाखवली.

पण गणित सोपं असलं तरी चुका कुठनं येतात ते सांगितलंच पाहिजे, कारण कुणी हे करायला घेणार असेल तर त्याचे दोन महिने वाचतील. पहिली चूक, पाइप. हातात धरलेला पाइप एक अंश कलला तरी 8 मीटरवर जवळजवळ 15 सेंटिमीटरचा फरक पडतो, एक अख्खी पायरी. आम्हाला वाटलेलं रुंद रस्ता सोपा आणि बोळ अवघड, झालं उलटं, बोळात भिंत दोन मीटरवर असते म्हणून तोच एक अंश तिथं सहा-साडेसहा सेंटिमीटरचाच होतो. पाइपला गवंड्याकडं मिळते ती गोल बुडबुड्याची लेव्हल बांधली, आणि नंतर घरी बसून फोटोतल्या इमारतींच्या उभ्या कडा, विजेचे खांब बघून कल परत तपासला.

दुसरी चूक जास्त वाईट होती कारण ती आम्हाला दिसलीच नाही. भिंत किती अंतरावर आहे ते आम्ही ड्रोनच्या नकाशावर मोजत होतो. आणि ड्रोनला तर छप्पर दिसतं. छपराची वळचण भिंतीच्या दोन फूट पुढं आलेली असते, म्हणजे भिंत 4 मीटरवर असताना आम्ही 3.40 धरत होतो. त्यानं उंबरा खरा 50 सेंटिमीटर असताना गणितात 78 यायचा. जवळजवळ एक फूट जास्त! आणि चूक सगळीकडं एकाच बाजूला, घर आहे त्यापेक्षा उंच दाखवणारी. म्हणजे आम्ही त्या माणसाला सांगणार होतो की तुमच्याकडं पाणी एक फूट उशिरा येईल. कृष्णेचं पाणी चढतं तासाला काही इंचांनी, एक फूट म्हणजे सामान वर न्यायचे कितीतरी तास. मला त्या रात्री झोप लागली नाही. कळलं ते आमच्याच घरामुळं, आजोबांचा साडेएक्कावन्न आणि माझ्या कॉम्प्युटरचा साडेबावन्न, आणि आजोबांवर माझा कॉम्प्युटरपेक्षा जास्त विश्वास होता.

उपाय फोटोतच होता. भिंत जिथं रस्त्याला मिळते तो बिंदूही फोटोत दिसतो, त्याचा कोन घेतला आणि कॅमेऱ्याची उंची 2.40 माहीत आहे, तर अंतर तिथंच निघतं, ड्रोनला विचारायची गरज नाही. जिथं मधे गटार आणि त्यावर शहाबादी फरशी आहे तिथं फरशीच्या कडेला रस्ता धरला आणि फरशीची जाडी वेगळी मोजली. सगळी घरं परत केली. तीन आठवडे.

दार ओळखायचं काम आधी कॉम्प्युटरकडं दिलेलं, योलो नावाचं मॉडेल आहे, फोटोतल्या वस्तूभोवती चौकट काढून देतं. ते दारं शिकलेलं होतं परदेशी फोटोंवर. आमच्याकडं त्याला लोखंडी फाटक म्हणजे दार वाटायचं, दुकानाचं शटर अर्धं उघडं असलं तर शटरचा खालचा काठ म्हणजे उंबरा, आणि तोरण, पडदा, दारात उभी केलेली सायकल यातनं खरं दार सुटायचं. मग आम्ही आपल्या गल्ल्यांमधलेच फोटो हातानं खुणा करून त्याला परत शिकवले. सुधारलं बरंच. तरी वाड्यांची दारं मी शेवटपर्यंत स्वतः डोळ्यांनी बघून मार्क केली, कारण तिथं आधी दिंडी दरवाजा, मग चौक, मग सोपा, आणि राहायची फरशी आत आणखी दोन पायऱ्या वर. रस्त्यावरनं दिसतो तो उंबरा आणि माणूस झोपतो ती फरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि नवीन अपार्टमेंटला तर खाली सगळं पार्किंग, तिथं फरशीची उंची म्हणजे पहिला मजला, पण लिफ्टची मोटर, मीटरचे बोर्ड आणि पाण्याचा पंप खालीच. 2019 नंतर महिनाभर लिफ्ट नाही, लाइट नाही असं झालेली बिल्डिंग माझ्या आत्याची आहे, घरात थेंब पाणी नव्हतं. म्हणून आम्ही मीटरच्या बोर्डाचा खालचा काठ हा वेगळा कॉलमच केला.

आता आकडे बरोबर आहेत हे कसं कळणार? चाळीसेक घरांवर टेप आणि लेव्हल घेऊन गेलो, ते झालंच. पण खरी परीक्षा वेगळी होती. मी प्रत्येक घरात विचारायचे, तुमच्याकडं पुलावर किती झालं की लागतं? आणि लोक विचार न करता सांगायचे. "बावन्न झालं की खालच्या पायरीला, त्रेपन्नला आत," असं. एका घरात एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. मी विचारल्यावर काही बोलले नाहीत, पडदा बाजूला केला आणि दाराच्या सागवानी चौकटीवर बोट ठेवलं. तिथं पटाशीनं कोरलेल्या तीन रेघा, त्यात हिरवा ऑइलपेंट भरलेला, शेजारी साल. सगळ्यात खाली 2005, तिच्या वर वीतभरापेक्षा जास्त अंतरावर 2021, आणि माझ्या डोक्याच्याही वर 2019. "पाणी उतरायला लागलं की ओली रेघ राहतीया बघ, ती वाळायच्या आत कोरायची," म्हणाले. मी टेप लावली. वरच्या दोन रेघांमधलं अंतर अडीच फुटांना दोन बोटं कमी. आयर्विनवर 2019 चा पूर साडेसत्तावन्नच्या आसपास गेलेला आणि 2021 चा पंचावन्नच्या. पुलावरचा फरकही अडीच फूट. पुलापासनं इतक्या लांब, एका म्हाताऱ्या माणसानं अंधारात टॉर्च धरून केलेली रेघ. मी टेप धरून तिथंच उभी राहिले, त्यांना वाटलं मला चक्कर आली, सुनेला पाणी आणायला सांगितलं.

त्या रेघांनी अजून एक काम केलं. पुराचं पाणी तलावासारखं सपाट नसतं, वाहत्या पाण्याला उतार असतो, म्हणून पुलावर 55 म्हणजे सगळ्या गावात 55 असं होत नाही. आम्ही अशा रेघा शोधत सुटलो. चौकटीवर, देवळाच्या खांबावर, एका शाळेच्या वर्गात फळ्याच्या खाली मातीचा तपकिरी पट्टा अजून होता. प्रत्येक रेघेची उंची मोजली, पुलावरच्या त्या वर्षीच्या उंचीशी ताडून बघितली, आणि कुठल्या भागात किती इंच मिळवायचे आणि कुठं वजा करायचे याचा एक छोटा नकाशा तयार झाला. हे माझ्या गाइडना इतकं आवडलं की ते पुण्याहून एका रविवारी स्वतः आले आणि त्या आजोबांच्या पाया पडले.

सगळं जुळवल्यावर बहुतेक घरांत टेपनं मोजलेलं आणि फोटोतनं काढलेलं यात चार-पाच इंचांपेक्षा कमी फरक राहिला. काही घरांत जास्त, विशेषतः रुंद रस्त्यावरच्या बंगल्यांना, मधे कंपाउंड, झाडं. तिथं मी आकड्यापुढं सरळ "घरी जाऊन मोजा" असं लिहिलं. अंदाजानं आकडा देण्यापेक्षा ते बरं.

आणि मग नकाशा रंगवला तेव्हा गल्लीचं रूपच पालटलं. आधी एक निळा पट्टा होता, आता प्रत्येक घराचा वेगळा रंग. 52 फुटाला कोण बुडतं, 53 ला कोण, 54 ला कोण. पुराचं पाणी आत किती येणार हे कळलं की नुकसानही बऱ्यापैकी सांगता येतं, कारण घरातल्या वस्तूंच्याही उंच्या असतात. उंबऱ्यावर एक फूट म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसर, धान्याचे डबे, कपाटाचा खालचा कप्पा, कागदपत्रं बहुतेक तिथंच असतात. दीड-दोन फूट म्हणजे दिवाणातलं अंथरूण, शिलाई मशीनची मोटर. चार फुटाला ओटा, मिक्सर, स्विचबोर्ड. ही यादी मी आईबरोबर बसून केली, तिच्याइतकं हे कुणाला माहीत असणार.

हे सगळं नवीन बांधकामाला तर लागूच आहे. पूररेषेचा नियम आपल्याकडं आहे, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर वर हवं. नियम चांगला आहे, मनापासनं सांगते. पण जी घरं आधीच उभी आहेत, त्यांचं जोतं किती आहे हे कुणी मोजलेलंच नाही, आणि गावात सगळ्यात जास्त तीच घरं आहेत. शिवाय प्रत्येक पुरानंतर रस्ता वर उचलतात, डांबरावर डांबर, मग काँक्रीट, आणि घर आहे तिथंच राहतं. आमच्या दाराला आजोबांच्या लग्नात तीन पायऱ्या होत्या, अल्बममध्ये फोटो आहे. आता एक. पुराच्या पाण्याला त्यानं फरक पडत नाही, पण साध्या पावसाचं रस्त्यावरचं पाणी आता आत येतं, आणि पायऱ्या मोजून उंची काढणाऱ्या माझ्यासारखीला हा रस्ताच हलता आहे हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून उंबरा रस्त्यापासनं किती यावर थांबू नका, शेवटी पुलाच्या फुटांतच आणा.

व्हायव्हा झाला, मार्क मिळाले, ते सोडा. मी प्रत्येक घराला एक कार्ड छापून दिलं, पोस्टकार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं. वर घराचा नंबर, मधे मोठ्या अक्षरात "पुलावर इतके फूट इतके इंच झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी", खाली अपार्टमेंट असेल तर मीटरबोर्डचा आकडा. इंच लिहिले पण शेजारी "अर्धा फूट आधीच हला" असंही लिहिलं, कारण आमची चूक तेवढी असू शकते. लोकांनी ती देवघराशेजारी, फ्रिजवर, दारामागं लावली. जी माणसं भाड्यानं राहतात, कालच आलेली, ज्यांना 2005 माहीत नाही आणि 2019 पण माहीत नाही, त्यांच्यासाठी तर हे होतंच. एका भाडेकरू ताईंनी मला विचारलं, "म्हणजे आम्हाला आता दुसऱ्याला विचारायला नको, पुलाचं बघायचं आणि कार्ड बघायचं?" हो, तेवढंच.

कार्ड वाटतानाच एक काकू म्हणाल्या, "पोरी, आकडा बरोबर आहे गं, पण आमच्याकडं पाणी पुढनं येतच नाही. मोरीतनं येतंय." आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघराच्या मागं न्हाणी, दोन पायऱ्या खाली, तिची जाळी थेट नाल्याकडच्या गटाराला. मागचं दार पुढच्या दारापेक्षा दीड फूट खाली. पुढनं पाच पायऱ्यांचं देखणं जोतं, मी कार्डावर 54 लिहिलेलं, आणि घर खरं तर साडेबावन्नलाच ओलं व्हायला सुरुवात. 2021 ला त्यांचा गहू तसाच गेला, पुढच्या उंबऱ्यावर पाणी यायच्या सहा-सात तास आधी, सगळे पुढच्या दारात उभं राहून बघत असताना.

मागची दारं ड्रोनला दिसत नाहीत, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला तर नाहीच. मी काकूंचं कार्ड परत घेतलं, तिथंच पेननं आकडा बदलला, आणि त्या दिवशी वाटायची बाकीची कार्डं पिशवीत ठेवली. आता दर रविवारी मी आणि ती नववीतली पोरगी, आता ती बारावीला आहे, टेप आणि पाणी भरलेली ट्रान्स्परंट नळी घेऊन घरातनं जातो, पुढच्या उंबऱ्यावर नळीचं एक टोक, दुसरं टोक मोरीच्या जाळीवर. नळी सोप्यातनं, माजघरातनं, देवघराच्या कडेनं जाते, घरातलं कुणीतरी ती मधे उचलून धरतं. एका घराला वीस मिनिटं लागतात, चहा धरून चाळीस. नाल्याकडची ओळ झाली, मारुती चौकाकडची अजून राहिली आहे.